भागीमावशीनं ऐकलेली जगं

भागीमावशी बाळंतपणाला कुणाच्याही घरी गेली, की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारायची, "आजी, तुमच्यात जग कसा झाला?"

आत सून कण्हत असायची, चुलीवर पाण्याचं आधण असायचं, पुरुषमाणसं अंगणात उगाच येरझाऱ्या घालत असायची, आणि ही बया जगाच्या उत्पत्तीची चौकशी करत बसायची! नवख्या माणसाला वाटे, नर्सबाईंचं डोकं काही ठिकाणावर नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पुढे तिनेच मला त्यातली मेख सांगितली. बाळंतिणीला कळांपेक्षा जास्त भीती असते ती घरातल्या म्हातारीची. म्हातारी पोट चोळते, मिरच्यांची धुरी देते, विळा घेऊन तयार बसते, आणि मधूनमधून "आमच्या वेळी नव्हतं बाई असं" म्हणून त्या पोरीचा उरलासुरला धीर घालवते. तिला खोलीबाहेर जा म्हणून सांगण्याची सोय नाही. जगाची उलथापालथ होईल. मग करायचं काय? तर तिला बोलती करायची.

"म्हातारीचा तोंड सुरू झाला, की हात थांबतत," भागीमावशी म्हणायची.

आधी ती दुखण्याखुपण्याबद्दल विचारून बघायची. पण कंबरदुखी सांगून किती वेळ सांगणार? नातेवाइकांबद्दल विचारलं तर भांडण उकरून निघायचं. शेवटी एकदा मिऱ्याच्या खारवीवाड्यात अडलेली बाई सोडवताना, काहीच सुचेना म्हणून तिने सासूला जगाबद्दल विचारलं, आणि ती सासू विळा खाली ठेवून सांगायला बसली. तेव्हापासून हा प्रश्न तिच्या पिशवीतल्या कात्रीसारखाच तिच्या कामाचा झाला.

ती मूळची पूर्णगडची भंडारी. नवरा गलबतावर होता. पावसाळ्याच्या तोंडाशी गेलेलं गलबत परत आलं नाही, आणि ही तरुणपणी कपाळ पुसून घाटावर एका मिशनच्या दवाखान्यात भांडी घासायला गेली. तिथल्या मडमेनं तिचे हात बघून तिला भांड्यांपासून उठवलं आणि सुईणपण शिकवलं. एकोणीसशे तीसच्या अलीकडे दोनचार वर्षं ती मुन्शिपाल्टीची नर्स म्हणून रत्नागिरीत आली आणि आमच्या नारळीच्या आगरातली सामानाची खोपटी, मांगर, तिने भाड्याने घेतली. उंच, काळी, शिडशिडीत बाई. पायांत कधी वहाण नाही, नखं कातडीला लागून कापलेली, आणि अंगाला सदा कार्बोलिक साबणाचा वास. दिवसातून इतक्या वेळा ती कोपरापर्यंत हात धुवायची की माझी आई म्हणायची, "आमच्या सोवळ्याला हिने मागे टाकलंन." विधवेला शुभकार्यात कसं बोलवायचं, असं एकदा कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणालं, तर ती म्हणाली, "बरा हाय की. हात धुवायला बांगड्या आड येत नाय."

आईने तिला जागा दिली ती अटी घालून. आगरातल्या विहिरीवर आमचं पाणी भरून झाल्याशिवाय तिने जायचं नाही आणि पडवीच्या वर पाऊल टाकायचं नाही. ती राजिवड्यापासून महारवाड्यापर्यंत सगळ्यांच्या घरांत हात घालून येणार, म्हणून या अटी. भागीमावशीनं मान डोलावली आणि एक दिवस सोडला तर त्या अटी अखेरपर्यंत पाळल्या. मला याचा संताप यायचा. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, दादाने गावाशी आणि आईशी भांडून मला शिकवलेली, आणि तेव्हा कन्याशाळेत मास्तरीण असलेली. मला अन्यायाचा वास लगेच यायचा. पण भागीमावशी मलाच दटावायची, "काकूंच्या घरात काकूंचा कायदा. तू कशाला जळतंस?"

संध्याकाळी कुठे जायचं नसलं, की ती पडवीच्या पायरीशी बसून भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत त्या दिवशी ऐकलेलं जग मला सांगायची. आई आत, दाराच्या आड, तांदूळ निवडत असायची. भागीचं बोलणं आपण ऐकतच नाही असा तिचा आविर्भाव असायचा. पण गोष्ट रंगली की सुपाचा आवाज थांबायचा, ते आम्हा दोघींनाही कळायचं.

गोष्ट कुठल्या घरातली, हे भागीमावशी कधी सांगायची नाही. "एका घरात असा म्हणतत," एवढंच. घरातली गोष्ट बाहेर सांगायची तर घराचं नाव घेऊ नये, असा तिचा रिवाज होता. त्यातून एकदा मोठीच गंमत झाली.

तिने एक गोष्ट सांगितली होती, ती अशी: देवाला मातीचा माणूस करायचा होता. त्याने आपल्या दूताला माती आणायला पाठवलं. धरणी रडायला लागली. म्हणाली, माझ्यातून काढून माणूस कराल, तो भांडेल, रडेल आणि मरेल. मला नको ते दुःख. दूताला दया आली, तो रिकाम्या हाताने परत गेला. दुसरा आला, तोही तसाच गेला. तिसऱ्याने मात्र तिचं रडणं मनावर घेतलं नाही; तो मूठभर माती घेऊनच गेला. देव त्याला म्हणाला, तुझं मन घट्ट आहे, तर माणसांचे प्राण आणण्याचं कामही तुझंच. पण धरणीला शब्द दे, की घेतलेली माती मी परत आणून देईन.

पुढच्या एकादशीला राममंदिरात कीर्तनानंतर बायका बसल्या होत्या, तिथे आईने ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली. सगळ्या बायका हळहळल्या. पुराणिकबुवाही ऐकत होते, ते म्हणाले, "फार सुंदर. कुठल्या पुराणातली म्हणायची?" आईने घरी येऊन भागीमावशीला पडवीखाली उभं केलंन आणि पुराणाचं नाव विचारलंन. तेव्हा मात्र भागीमावशीला सांगावंच लागलं, की पुराण नव्हे हो काकू, ही राजिवड्यातल्या मुसलमान आजीची गोष्ट.

आई तशीच विहिरीवर गेली आणि डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. भागीमावशी मांगराच्या दारात उभी राहून शांतपणे बघत होती. आई ओलेत्यानेच तिच्यावर ओरडली, "आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"आंगोळ केलात ता बरा केलात," भागीमावशी म्हणाली, "पण काकू, गोष्ट धुवून गेली काय?"

आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी दाराआडून आवाज आला, "भागी, मग त्या मातीचं पुढे काय झालं?" पुन्हा सुरू झालं.

खारवीवाड्यातल्या सासूच्या जगात नुसता समुद्र होता, आणि देव होडीत बसून जाळं टाकत होता. टाकलं, रिकामं आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा रिकामं. आणखी एकदा टाकलं, तर जाळंच फाटलं. मग कंटाळून शेवटचं म्हणून टाकलं, त्यात चिखल आला. तोच चिखल होडीच्या कडेवर वाळला आणि त्याची जमीन झाली. इंग्रजांनी कैदेत आणलेल्या ब्रह्मी राजाच्या परिवाराबरोबर रत्नागिरीत आलेली एक म्हातारी राजवाडा रिकामा झाल्यावरही मागे राहिली होती, इथल्याच एका गाडीवानाशी लग्न करून. तिच्या नातीच्या बाळंतपणात तिने सांगितलेलं जग मला सगळ्यांत आवडायचं. पहिली माणसं उजेडाची होती, हवेत फिरायची, त्यांना भूक नव्हती. खाली पाणी होतं आणि पाण्यावर साय धरावी तशी जमीन धरू लागली. एकाने बोट लावून चाटलं, गोड लागलं. मग सगळीच चाटू लागली. खाता खाता त्यांची अंगं जड झाली, उजेड गेला, आणि काळोख पडला म्हणून चंद्रसूर्य करावे लागले. मिशनच्या मडमेच्या देवाने तर सहा दिवसांत सगळं केलं, चांगलं झालं म्हणाला, आणि पुढे पस्तावून सगळं पाण्यात बुडवलं.

मास्तरकी अंगात असली की स्वस्थ बसवत नाही. मी एकदा तिला सगळं नीट लावून दाखवलं. म्हटलं, मावशी, बघ, सगळ्यांच्यात आधी पाणी आहे आणि काळोख आहे. मग कुणीतरी एकटं असतं आणि त्याला करमत नाही. मग काहीतरी फुटतं, नाहीतर वर येतं, मग माती आणि मग माणूस. ही माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसतील, तरी सगळ्यांचं असं एक कसं?

ती हसली. "मास्तरीणबाय, आधी पाणी जाता, मग काळोखातनं वाट, मग फाटता, आणि मग रडणा. ह्या मी रोज बघतंय. ज्या बायांनी ह्या गोष्टी सांगितल्या त्यांनीपण बघितलाच असणार. त्यात नवल काय?"

मी जरा हिरमुसले. ते पाहून तिने सोललेली आठळी माझ्या हातावर ठेवली.

"मना येगळा नवल वाटता," ती म्हणाली. "सगळ्यांच्यात एक तरी जग फुकट गेलेला हाय. जाळा रिकामा येता. उजेडाची माणसा इझून जातत. केलेला बुडवावा लागता. देवालाबी एका खेपेत जमला नाय कुठे."

हे ती नुसतं बोलण्यासाठी बोलत नव्हती. मेलेलं मूल जन्माला आलं, की भागीमावशी त्यालाही कोमट पाण्याने आंघोळ घालायची, पुसायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळायची. लोक म्हणायचे, मेलेल्याला आंघोळ कसली? ती म्हणायची, "मना जित्या-मेल्याची आंगोळ येगळी शिकवलेली नाय." आणि मग त्या आईजवळ बसून तिला तिच्याच घरातली फुकट गेलेल्या जगाची गोष्ट सांगायची. खारविणीला जाळ्याची, ब्रह्मिणीच्या नातीला उजेडाच्या माणसांची. दुसऱ्याच्या घरातली कधीच नाही. मी विचारलं, असं का? म्हणाली, "रडताना माणसाला आपल्या घरातलाच उंबरा लागता."

म्हणून तिला आमच्या घरातली तसली गोष्ट हवी होती. आणि ती मिळत नव्हती. आईचे वडील दशग्रंथी, आईला पुराणं पाठ. क्षीरसागर, कमळ, ब्रह्मदेव, सोन्याचं अंडं, परशुरामाने बाण मारून समुद्र हटवलान आणि कोकण काढलंन, सगळं ती दाराआडून ठणठणीत आवाजात सांगायची. शेवटी भागीमावशी हळूच विचारायची, "आणि काकू, तुमच्यातला फुकट गेलेला जग कोणता?"

"आमच्यात काही फुकट जात नाही," आई म्हणायची. "ब्रह्मदेवाचं चुकत नसतं."

भागीमावशी ही चौकशी का करत होती, ते आईला कळत होतं आणि मलाही. आमच्या घरात माझी वहिनी होती.

इंदिरावहिनीचं पहिलं मूल माहेरी, दुसरं आमच्याकडे. दोन्ही मेलेलीच झाली होती. दुसऱ्या खेपेला भागीमावशी नुकतीच आलेली, आईने तिला खोलीत येऊ दिलं नव्हतं. वहिनी फार थोडं बोलायची. तिच्या हाताला टाका असा, की आळीतल्या प्रत्येक बाळाची कुंची तीच शिवायची. पण ज्या बाईची दोन बाळं गेली तिचा हात शुभकार्यात नको, म्हणून त्याच घरांतून डोहाळजेवणाचं बोलावणं मात्र येत नसे. कुंची शिवायला वहिनी चालायची, ओटी भरायला नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आईने देवापाशी नारळ ठेवलान आणि दादाला सगळ्यांदेखत सांगितलंन, "या खेपेला नीट झालं तर बरंच. नाहीतर वैशाखात अलोऱ्याला जायचं. मुलगी मी बघून ठेवली आहे."

दादा कचेरीत कारकून होता. माझ्या शिक्षणासाठी गावाशी भांडलेला हा माणूस बायकोसाठी मात्र आईपुढे मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला की मी कित्येक दिवस त्याला वाढलं नाही. वहिनी त्या रात्री कुंची शिवत होती, ती तशीच शिवत राहिली. सवत घरात आली तर आपली जागा कुठली, हे तिला ठाऊक होतं. अशा बायका आमच्या आळीत होत्या. त्या मागच्या पडवीत निजायच्या आणि सवतीची मुलं सांभाळायच्या.

माघातल्या एका सकाळी वहिनीला कळा लागल्या. या वेळी दादाने एकच गोष्ट केली. तो आईला न विचारता मांगरात गेला आणि भागीमावशीला घेऊन आला. आईने अडवलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत सोयर असतं, सोवळं नसतं. त्यामुळे भागीमावशी पडवी ओलांडून वर आली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

आई खोलीच्या दाराशी पाटावर बसली होती. भागीमावशीनं नेहमीसारखं विचारलं, "काकू, तुमच्यात जग कसा झाला, ता सांगा बघू."

"ते साऱ्या गावाला सांगून झालंय," आई म्हणाली. "आज माझी सून सोडव."

दुपार कलली. मी गरम पाणी आत नेत होते, गार झालेलं बाहेर आणत होते. वहिनी ओठ चावून पडली होती; तिचा आवाज असा आलाच नाही. मग मूल झालं, आणि त्याचाही आवाज आला नाही. मुलगी होती. भागीमावशीनं तिच्या तोंडात बोट घालून तोंड साफ केलं, पायाला धरून पाठ थोपटली, एकदा ऊन आणि एकदा गार पाण्यात धरलं, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. ती हे इतका वेळ करत राहिली, की शेवटी वहिनीच म्हणाली, "पुरे, मावशी."

आई पाटावरून उठली. उंबऱ्याशी उभी राहून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं. आता वैशाखात मला कुणी बोल लावू नका."

वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता आईला काहीतरी असं बोलावं की ते जन्मभर तिच्या लक्षात राहील. भागीमावशीने मात्र ऐकलं न ऐकलंसं केलं. तिने त्या पोरीला न्हाऊ घातलं. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, सगळीकडे पाणी लावलं, पुसलं, आणि वहिनीच्या पेटीतून काढायला सांगून मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. मग ती उंबऱ्याशी आली आणि ते गाठोडं आईपुढे धरलं.

"धरा."

"मी? मी कशाला धरू? ते आता..."

"आत बाईकडे बघायचा हाय. रगत थांबत नाय. माझे हात रिकामे होवेत. धरा म्हणतंय ना!"

भागीमावशी आईशी एवढ्या वरच्या आवाजात कधी बोलली नव्हती. आईचे हात आपोआप पुढे झाले. भागीमावशी वळून आत गेली. रक्त खरंच थांबत नव्हतं की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही.

आई पाटावर बसली. पुष्कळ वेळ ती त्या तोंडाकडे बघत होती. तिने फडक्याचं टोक थोडं मागे केलंन. मग तिचा आवाज आला, दाराआडून यायचा तो ठणठणीत आवाज नव्हे. मी तो ओळखलाच नाही.

"अदितीला आठ मुलगे झाले," आई म्हणाली. "सात चांगले झाले. आठवा नुसता गोळा. हात नाही, पाय नाही, जीव नाही. सातांना घेऊन ती देवांकडे गेली. आठव्याला टाकलंन."

आत भागीमावशीचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. "मग, काकू?"

"मग भावांना वाईट वाटलं. आपल्या पाठचं असं फुकट जाऊ नये म्हणाले. त्यांनी तो गोळा घडवलानी. तोच सूर्य. तिने टाकलेला तिनेच परत आणलान. माझे वडील सांगायचे." तिने फडकं सारखं केलंन. "मला ठाऊक होती गोष्ट. तू विचारायचीस तेव्हा मुद्दाम सांगत नव्हते."

मग आई खाली बघून, त्या पोरीलाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "माझं पहिलं दादाच्या आधीचं. मला दाखवलंनीसुद्धा नाही. सुपात घालून नेलंनी. मुलगा होता का मुलगी, ते विचारायचीसुद्धा चोरी."

त्याच घरात मी वाढले होते. दादाच्या आधी कुणी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दादा पडवीत उभा होता, त्यालाही तेव्हाच कळलं.

आई उठली, उंबरा ओलांडून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या वहिनीच्या कुशीत ते मूल ठेवलंन. "इंदिरे, बघून घे," ती म्हणाली. "नाक तुझ्यावर गेलंय. बघून घे, बाळ. मागाहून बघायचं म्हटलं तर मिळत नाही."

त्यानंतर वहिनी रडली. पहिल्या दोन खेपांचं सगळं रडणं तिने शिल्लक ठेवलं होतं की काय, असं रडली, आणि आई तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. मी भागीमावशीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात बसून आपली कात्री पुसत होती. आमच्या घरातली ती गोष्ट तिला वहिनीला सांगायची होती, पण आता सांगायची गरज उरली नव्हती.

मुलीला आगरात पुरायला दादा निघाला तेव्हा आई त्याला म्हणाली, "आणि अलोऱ्याला निरोप पाठव. आमचं जमत नाही म्हणावं." पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. वहिनीला पुढे मूल झालं नाही. आईने वहिनीला एकदाही त्याबद्दल टोचून बोललेलं मी ऐकलं नाही, आणि माझ्या आईला ओळखणारं माणूस यावर विश्वास ठेवायचं नाही.

पुढल्या दोन पावसाळ्यांत भागीमावशीच्या छातीत खोकला धरला. ती चालताना थांबू लागली. बाळंतिणीजवळ खोकणं बरं नव्हे, म्हणून तिने आपणहून काम सोडलं. पूर्णगडला तिचा भाऊ होता, त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरवलं. मी तिला पुष्कळ आग्रह केला, की इथेच राहा, मी बघीन तुझं. म्हणाली, "मना माझ्या गावच्या समुद्राकडे बघून मरायचा हाय, गो." तिच्या स्वतःच्या पोटी कधी काही झालं होतं की नाही, हे मी तिला विचारायचं म्हणत राहिले. ते राहूनच गेलं.

ती निघाली तेव्हा आम्ही भाट्याच्या खाडीपर्यंत तिला पोचवायला गेलो. खाडी तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, ओलांडायची आणि पलीकडून बैलगाडी. मी होते, दादा होता, वहिनी होती. आई येईल असं वाटलं नव्हतं, पण तीही पदर डोक्यावरून घेऊन चालत आली. तरीवर माणसांची बरीच गर्दी होती. आमच्या आळीतल्याही बायका होत्या, गोळपेकडे लग्नाला निघालेल्या.

भागीमावशी पाण्यात पाय घालणार एवढ्यात आई म्हणाली, "थांब." तिने दादाच्या हातातली पिशवी घेतलीन, वहिनीच्या हातात दिलीन आणि म्हणाली, "इंदिरे, हिची ओटी भर."

आळीतल्या बायका वळून पुढे सरकल्या. वहिनी आईकडे बघत राहिली. बाळं गेलेल्या बाईने ओटी भरायची, आणि तीही विधवेची. असं कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. आमच्या आईसारख्या बाईच्या तोंडून तर नाहीच. भागीमावशीसुद्धा मागे सरली. "काकू, काय करताव? लोक..."

"लोकांचं मी बघते," आई म्हणाली. "भर गं."

वहिनीने पिशवी उघडली. त्यात तांदूळ होते, हळकुंड होतं, नारळ होता, आणि एक नवं खणाचं कापड. ते आईने आधीच घरून घालून आणलं होतं. आमच्यापैकी कुणालाही तिने सांगितलं नव्हतं. भागीमावशीनं पदर पुढे केला. वहिनीने ओंजळ ओतली, थोडे तांदूळ वाळूत सांडले. ओटी भरून झाली आणि वहिनी वाकून तिच्या पाया पडली.

भागीमावशी तशीच पाण्यात शिरली. तांडेलाने हात देऊन तिला तरीत घेतलं. होडी हलली. मी हात हलवला, दादानेही हलवला, आणि आई नुसती उभी राहिली. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत भागीमावशी आमच्याकडे तोंड करून बसली होती. तिला हात हलवता येईना. भरलेली ओटी सांडू नये म्हणून तिने पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला होता.